मनोऱ्यावरचा माणूस

"पण तुम्ही असं का सांगितलंत, वस्ताद?"

 वस्तादांनी लाकडी हातोडा उचलला आणि गाडीच्या दारावर घातला.

ठक.

पत्र्याच्या शेडमध्ये रोहिदासची गाडी उभी होती. उजवी बाजू पार आत गेलेली. पुढचं चाक वाकून पोटाखाली शिरलेलं. ते दार आता पुन्हा बसणार नाही, हे शार्दूललाही दिसत होतं. तरी म्हातारा सकाळपासून ते सरळ करत बसला होता.

"शर्यतीच्या समितीनं विचारलं, रोहिदासला 'चिकटून राहा' असं कोण म्हणालं. तुम्ही म्हणालात, मी. बस्स. पुढं एक अक्षर नाही."

"पुढं त्यांनी विचारलं न्हाई."

"पण वस्ताद, मीच तुम्हाला…"

ठक.

शार्दूलचं वाक्य तिथंच तुटलं. ते तुटलं याचं त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं, याची लाज वाटली.

हा शार्दूल खराडे इचलकरंजीचा. बापाचे माग होते, पण पोराचं मन मागात नव्हतं, गाडीत होतं. घाटातल्या शर्यतींत त्याचं नाव झालेलं. त्याचा हुन्नर एकच, ब्रेक. वळण आलं की बाकीचे आधीच ब्रेक दाबून मोकळे होत. हा दाबत नसे. समोर दरी आ वासून दिसायला लागली की मग एकच घाव. चाकं किंचाळायची आणि गाडी वळणाच्या आत. लोक म्हणत, "खराड्याच्या पोराला दरी बघितल्याशिवाय ब्रेक आठवत न्हाई." ते ऐकून याची छाती फुगायची.

असा हा गडी बाबालाल शिकलगारांकडं आला.

बाबालाल म्हणजेच वस्ताद. तरुणपणी मिस्त्री म्हणून परदेशी गेले होते. तिकडं अमेरिकेत मोठमोठ्या लंबगोल रस्त्यांवर बंद गाड्यांच्या शर्यती लागतात. त्यात आधी कैक वर्षं पाने फिरवले, मग स्वतः पळाले. म्हातारपणी कोल्हापूरला परत आले. गावाबाहेरच्या माळावर काही हौशी लोकांनी तसाच रस्ता बांधला, तेव्हा शिकवायला त्यांनाच गळ घातली. माणूस फकिरासारखा. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत एक खाट, एक स्टोव्ह, आणि खुंटीला एक सदरा. दुसरा अंगावर.

त्या रस्त्याला सगळे रिंगण म्हणायचे. त्याची वळणं कढईच्या कडेसारखी चढी होती. गाडी तिरकी होऊन पळायची, पण वेग सोडायची नाही. ताशी अडीचशेच्या वर काटा गेला की तो फेरीमागून फेरी तिथंच.

म्हणजे शार्दूलचा हुन्नर इथं कवडीच्या कामाचा नव्हता. ब्रेक लावायला जागाच नव्हती.

पहिल्याच दिवशी वस्ताद म्हणाले, "डावा पाय ब्रेकवर ठेव."

"कधी दाबू?"

"दाबू नको."

"मग ठेवू कशाला?"

"मागं कुणीतरी हाय न्हवं?"

शार्दूल हसला. त्याला वाटलं, म्हातारा कोड्यात बोलून वजन वाढवतोय.

पण गोष्ट साधी होती. सगळ्या गाड्यांची इंजिनं सारखी. एकटी गाडी वाऱ्याशी झगडत मंद होते. पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून पळालं तर वारा ती फोडते, आणि दोघी मिळून पळतात. दोघींत वीतभर अंतर. अशा वेळी पुढच्यानं नुसता पाय झटक्यानं उचलला तरी मागच्यासाठी तो घाव असतो. म्हणून उजव्या पायानं पेट्रोल चालू ठेवायचं आणि वेग कमी करायचाच असेल तर डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवायचा. गाईच्या कासेला हात लावावा तसा.

आणखी एक. फेऱ्यांमागून फेऱ्या ब्रेक वापरला नाही की तो गार पडतो. गार ब्रेक दाबला तर पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून पेट्रोलसाठी आतल्या गल्लीत यायचं असलं की लांबूनच ब्रेक टेकवत, सोडत, टेकवत यायचं. आणि त्याच्याही आधी खिडकीतून हात बाहेर काढायचा. वर, सरळ. मागच्याला कळावं, की आता हा हळू होणार.

"तो हात इसरलास तर माझ्याकडं येऊ नको," वस्तादांनी बजावलं होतं.

शार्दूल ते शिकला. नुसता शिकला नाही, तर चटकन शिकला. आणि चटकन शिकणाऱ्याला होतं तेच त्याला झालं. आपल्याला आता सगळं कळलं, असं वाटू लागलं.

त्याचा जोडीदार रोहिदास पोवार. एरवी दुधाचा टँकर चालवायचा, सुट्टीच्या दिवशी इथं यायचा. दोघं एकाच वस्तादाचे चेले, म्हणून जोडीनं पळायचे. शार्दूल पुढं, रोहिदास मागं. रोहिदासला कधी विचारलं कुणी, की तुला पुढं यायचं नाही का, तर म्हणायचा, "पुढं तरी काय ठेवलंय? वारंच हाय की." आणि हसायचा.

दोघांचे डोळे होते वस्ताद.

पट्ट्यांनी आवळलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. शेजारी कोण आलं, मागं कोण आहे, पुढं काय झालं, त्याला नीट दिसत नाही. छोट्या आरशात मागचा तुकडा दिसतो, तेवढाच. म्हणून रिंगणाच्या मधोमध लोखंडी मनोरा होता, आणि त्यावर उभा राहून एक माणूस रेडिओवरून कानात सांगायचा. डावीकडं गाडी. मोकळं. चिकटून राहा. वस्तादांच्या एका हातात शार्दूलचा रेडिओ, दुसऱ्यात रोहिदासचा. एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. जे काही जायचं ते वस्तादांच्या तोंडून.

आणि मग तो रविवार.

शर्यत संपत आली होती. दोघंही सगळ्यांच्या पुढं होते. शेवटचं पेट्रोल भरायचं बाकी होतं. ठरलं होतं की जोडीनं आत जायचं, जोडीनं बाहेर यायचं.

पण शार्दूलला मघापासून एक गोष्ट कळत होती. आज रोहिदासची गाडी जास्त जोरात होती. मागून ती त्याला ढकलत होती, अक्षरशः उचलून पुढं फेकत होती. जोडीनं बाहेर आलो, तर शेवटच्या सरळ रस्त्यावर हा बाजूला निघणार आणि पुढं जाणार.

रोहिदास पुढं गेला असता का? कुणास ठाऊक. शार्दूल मात्र त्याच्या जागी असता, तर गेला असता.

वस्तादांचा आवाज कानात आला. "शार्दूल, आत येतोस?"

"अजून एक फेरी, वस्ताद."

हे तो का म्हणाला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. वस्ताद हे रोहिदासला सांगणार. रोहिदास बिनघोर मागं राहणार. आणि मी ऐन वेळी आत शिरणार. तो पुढं निघून जाईल, एकटा, वाऱ्याच्या तोंडी. एक फेरी एकटा पळाला की गाडी मंदावते. मग मला कोण गाठतंय!

घाटातली खोड. शेवटच्या क्षणी एकच घाव.

गल्लीचं तोंड आलं. शार्दूलनं हात बाहेर काढला नाही. मघापासून चोरून टेकवत गरम ठेवलेला ब्रेक दाबला आणि डावीकडं वळला.

मागं काय झालं, ते त्यानं आरशात पाहिलं. रोहिदासची गाडी अंगावर आली. तिचं नाक खाली दबलं, म्हणजे त्यानं ब्रेक दाबला होता. गार ब्रेक. गाडी थांबेना. मग ती एकदम उजवीकडं वळली, चढावर गेली, आणि भिंतीला भिडली.

धडकेचा आवाज मात्र इंजिनाच्या गोंगाटात शार्दूलला ऐकू आला नाही. तो थांबला तेव्हा खिडकीशी पेट्रोलवाले ओरडत होते, "शाबास! शाबास!"

त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

पुढं शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि शार्दूल जिंकला. गळ्यात हार पडला. कपाळाला गुलाल लागला. पत्रा कापून काढलेल्या रोहिदासला दवाखान्यात टेबलावर घेतलं तेव्हा शार्दूलच्या कपाळावरचा गुलाल अजून ताजा होता.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. रोहिदासच्या मिस्त्रीनं सांगितलं, की मी रेडिओ कानाला लावून होतो, वस्ताद म्हणाले, तो अजून भाईरच हाय, चिकटून राहा. समितीनं वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणाले, मीच म्हणालो. शार्दूलच्या रेडिओवर काय बोलणं झालं, ते त्या दोघांशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

शार्दूल तिथंच होता. दोन खुर्च्या सोडून. सगळे त्याच्याकडं नाही, म्हाताऱ्याकडं बघत होते. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "वय झालं. दिसत नसेल नीट."

वस्तादांनी ते ऐकलं. मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

समितीनं ठरवलं, यापुढं बाबालाल शिकलगारांनी मनोऱ्यावर चढायचं नाही.

आणि शार्दूल गप्प बसला.

म्हणून आज तो शेडमध्ये उभा होता.

"शिव्या तरी द्या मला," तो म्हणाला.

"शिव्या खाऊन मोकळा हुशील."

ठक.

"खोटं मी बोललो. तुम्ही चूक तुमची म्हणून सांगितलीत. का?"

वस्तादांनी हातोडा खाली ठेवला.

"रोहिदास कुणाच्या आवाजावर पळत हुता?"

"तुमच्या."

"त्यानं कुणाचं ऐकलं?"

"तुमचं…"

"मग? आवाज माझाच हुता की."

 आपण नुसतं खोटं बोललो, एवढंच शार्दूलला आत्तापर्यंत वाटत होतं. ते खोटं कुणाच्या तोंडानं बोललो, हे त्याला आत्ता कळलं.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूच.

"गाडी काढ," ते म्हणाले.

"आत्ता?"

"शिकवणीची येळ झाली."

शिकवणीच्या दोन जुन्या गाड्या बाहेर उभ्या होत्या. शार्दूल सवयीनं पुढच्या गाडीकडं वळला. वस्ताद आधीच तिच्यात बसत होते. वर्षानुवर्षं हा माणूस गाडीत बसलेला कुणी पाहिला नव्हता.

"तू मागं," ते म्हणाले.

रिंगण रिकामं होतं. मनोरा रिकामा होता. कानात कुणाचाही आवाज नव्हता. म्हाताऱ्यानं दोन फेऱ्या रमतगमत घेतल्या, मग गाडी सोडली.

शार्दूल कधीच कुणाच्या मागं असा पळाला नव्हता. मागं राहायची त्याला सवयच नव्हती. तो चिकटला तशी गाडी हलकी झाली, ओढली जाऊ लागली. आणि समोरचं सगळं गेलं. रस्ता गेला, वळण गेलं, भिंत गेली. समोर फक्त एक पत्रा. खरचटलेला, निळा, एका बाजूनं पोचा पडलेला. तो डावीकडं झुकला की वळण आलं असणार. तो सरळ झाला की वळण संपलं असणार.

बाकी काही कळायला मार्ग नव्हता.

आता दाबतील, त्याला वाटलं.

वस्तादांनी ब्रेक दाबला नाही.

पुढच्या वळणात दाबतील. गल्लीच्या तोंडाशी तर नक्कीच. मला धडा द्यायलाच आणलंय. त्याचा डावा पाय ब्रेकवर तयार होता.  मागं राहावं, अंतर ठेवावं, असं सारखं मनात येत होतं. पण ती गाडी त्याला ओढत होती. गल्लीचं तोंड आलं. त्यानं श्वास धरला.

गेलं.

आणखी एक फेरी. आणखी एक. दर वेळी गल्लीचं तोंड आलं की तो त्या निळ्या पत्र्यावरून नजर हलवायचा नाही. रोहिदास मात्र आपल्या मागं शीळ घालत पळायचा. रेडिओ चालू राहिला की त्याची शीळ ऐकू येते, असं वस्ताद नेहमी हसून सांगायचे.

मग खिडकीतून हात बाहेर आला.

म्हाताऱ्याचा वाळका हात. वर, सरळ. पंजा उघडा. वारा त्याला मागं रेटत होता. हात हलत होता, पण खाली जात नव्हता. गल्ली अजून कितीतरी लांब होती. अर्ध्या रिंगणापासून तो हात तसाच वर होता.

मग निळा पत्रा हळूहळू जवळ येऊ लागला. इतका हळू, की शार्दूलच्या पायाला विचार करायला वेळ मिळाला. टेकव, सोड. टेकव, सोड. एका जुवातल्या बैलांसारख्या दोन्ही गाड्या गल्लीत शिरल्या आणि थांबल्या.

वस्ताद उतरून त्याच्या खिडकीशी आले.

"काय दिसलं?"

"काहीच नाही, वस्ताद. तुमची पाठ… आणि हात."

वस्ताद उभे राहिले. शार्दूल आत तसाच बसून.

"हेल्मेट काढ. उकडंल."

"थांबा जरा, वस्ताद."

वस्ताद थांबले. दुसरीकडं तोंड करून, माळावरची शेळी बघत थांबले. बऱ्याच वेळानं शार्दूलनं हेल्मेट काढलं. डोळे पुसून झाले होते, पण चेहऱ्यावरून काही पुसलं गेलं नव्हतं.

"मला माफ करा, वस्ताद."

"मी कुठं मागं हुतो?"

एवढं बोलून ते शेडमध्ये गेले. पुन्हा ठक ठक सुरू झाली.

शार्दूल दवाखान्यात गेला.

रोहिदासचा पाय वजन लावून वर टांगला होता. कमरेपर्यंत पट्ट्या. उशाशी त्याची आई मोसंबी सोलत होती. शार्दूलला बघून तिनं पदर सावरला, स्टूल पुढं केलं.

"ये बाबा. तू जिंकलास म्हणं. ह्येला शुद्ध आल्याव पयलं त्येच इचारलं, शार्दूलचं काय झालं. जिंकला म्हटल्याव हसला बघ."

शार्दूल बसला नाही.

"बस की भावा," रोहिदास म्हणाला. आवाज खोल गेला होता. "वस्तादांचं कळलं. लई वाईट झालं. खरं सांगू? वय झालंय रे त्येंचं. चुकीचं दिसलं आसंल. मी तर समितीला सांगणार हाय, त्येंची चूक न्हवती, मीच जास्त चिकटलो हुतो म्हणून."

आईनं मोसंबीची फोड शार्दूलपुढं केली.

त्यानं ती घेतली. आणि घेतल्यावर त्याला कळेना, की ती खावी कशी आणि परत द्यावी कशी.

"तू उजवीकडं का वळवलीस?" त्यानं विचारलं. "सरळ आला असतास, तर माझ्या गाडीनं तुझी अडवली असती. तुला एवढं लागलं नसतं."

रोहिदासला प्रश्न नीट कळलाच नाही.

"सरळ तुझं दार हुतं की," तो म्हणाला.

मग शार्दूलनं सांगितलं. फोड हातात धरूनच सांगितलं. अजून एक फेरी असं मी म्हणालो. मुद्दाम म्हणालो. तुला कळू नये म्हणून हात दाखवला नाही. वस्तादांना सगळं बरोबर दिसत होतं. त्यांना फसवलं मी.

आईचे हात थांबले.

रोहिदासनं नजर वर छताच्या पंख्याकडं वळवली.  

"वस्तादांना म्हाईत हाय?"

"हो."

"आन् मी त्येंनाच आंधळा म्हणालो…" त्यानं डोळे मिटले. "जा तू आता."

"रोहिदास…"

"जा म्हणतोय न्हवं?"

आईनं शार्दूलच्या हातातली फोड काढून घेतली.  तो दारापर्यंत पोचला तरी त्याच्या तळहाताला मोसंबीचा ओलावा चिकटलेला होता.

तिथून तो समितीकडं गेला. समितीचे लोक आधी हसले, मग गंभीर झाले, मग चिडले. जिंकल्याची ढाल परत घेतली. वर्षभर त्याला रिंगणावर गाडी चालवायला बंदी घातली. वस्तादांवरची बंदी उठवली. त्यांना निरोप गेला, या, मनोरा तुमचाच आहे.

वस्तादांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला. मनोऱ्यावर मात्र ते गेले नाहीत.

गोष्ट इचलकरंजीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बापानं फोनवर विचारलं, "खरं आहे?" शार्दूल म्हणाला, "खरं आहे." पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत राहिला, मग बापानं फोन ठेवला. ज्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, ती चहाच्या गाड्यावर त्याला बघून गप्प होऊ लागली.

तो शेडमध्ये आला.

"मला ठेवून घ्या, वस्ताद. पडेल ते काम करीन."

वस्तादांनी कोपऱ्यातल्या झाडूकडं बोट केलं.

त्यानं रिंगण झाडलं. वळणावरचे रबराचे तुकडे वेचले, टायरमध्ये हवा भरली, तेल बदललं. नवी पोरं शिकायला यायची. एकमेकांना कोपरानं डिवचून म्हणायची, "त्योच का रं ह्यो?" शार्दूल मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. पहिल्यांदा कान तापायचे. पुढं पुढंही तापायचेच. सवय झाली नाही.

वस्तादांनी त्याला काही शिकवलं नाही. त्या दिवसाचा विषय काढला नाही. एकदा मात्र त्यानं विचारलं, "किती दिवस लागतील, वस्ताद?"

"कशाला?"

"हे… जायला."

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं, जसं काही त्यानं परक्या भाषेत विचारलंय. मग चहा ओतला. दोन कपांत.

माळावरचं गवत पिवळं पडलं तेव्हा रोहिदास आला.

काठी टेकत आला. उजवा पाय किंचित ओढत होता. टँकरवर आता दुसरा माणूस होता. याला दूध संघात बसून करायचं काम मिळालं होतं. आईला न सांगता आलो, म्हणाला. एकदाच पळून बघायचंय. नाहीतर आयुष्यभर भिंतच दिसत राहील.

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.  मग रोहिदास वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावू लागला. वाकणं पुरतं जमेना.

"मी तुमास्नी आंधळं…"

"गाडी बघ," वस्ताद म्हणाले. "निळी हाय ती."

शार्दूल शेडच्या मागं टायर लावत होता. तो बाहेर आला नाही. बाहेर यायचं त्याला धाडस झालं नाही.

रोहिदासनं हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, कानातली वायर जोडली.

"वर कोण ऱ्हाणार, वस्ताद? तुमीच न्हवं?"

वस्ताद शेडमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रेडिओ होता, आणि मागं शार्दूल. हातांना काळं लागलेलं. नजर जमिनीवर.

रोहिदास त्याच्याकडं बघत राहिला. दवाखान्यानंतर आज पहिल्यांदा.

"ह्यो?"

वस्तादांनी रेडिओचं बटण दाबून बघितलं.

रोहिदासनं स्टिअरिंगवर दोनदा बोटं वाजवली. खालचा ओठ चावला.

"ऱ्हाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पर मी आरशात बघूनच पळणार. ह्येच्या सांगण्यावर न्हाई."

"बघ की," वस्ताद म्हणाले.

गाडी सुरू झाली, गल्लीतून हळूहळू बाहेर निघाली. वस्तादांनी रेडिओ शार्दूलच्या हातात दिला. शार्दूलनं तो असा धरला, की जणू निखारा आहे.

समोर मनोऱ्याचा लोखंडी जिना होता.

"वस्ताद, मला नका पाठवू वर." त्यानं रेडिओ परत पुढं केला. "त्याचा माझ्यावर विश्वास नाही."

वस्ताद रिंगणाकडं बघत होते.

"न्हाईच… म्हणून तर तू दोनदा बघून बोलशील."